गिअरची दांडी आणि न्यूट्रलचा हिशेब

स्टिअरिंगच्या बाजूला गिअरची दांडी असलेली ॲम्बॅसिडर किंवा फियाट ज्यांनी चालवली आहे, त्यांना एक प्रसंग हमखास आठवेल. गाडी भर रस्त्यात थांबते, दांडी दोन गिअरांच्या मध्येच अडकते आणि काही केल्या हलत नाही. चालक शांतपणे उतरतो, बॉनेट उघडतो, आतले दोन लोखंडी हात बोटांनी मागेपुढे करतो आणि पुन्हा येऊन बसतो. गाडी चालू लागते. गिअरबॉक्समध्ये काहीही बिघडलेले नसते. बिघडलेली असते ती दांडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या सळ्यांची शिस्त. त्या सळ्यांच्या सांध्यांतले बुश झिजलेले असतात आणि हाताने दिलेला हुकूम पेटीपर्यंत नीट पोहोचत नाही.

हाच प्रश्न १९६० च्या दशकात अमेरिकेतील तरुण चालकांपुढे होता. फरक एवढाच, की त्यांच्या गाड्यांत सहा-सात लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन होते आणि चूक झाली तर गाडी नुसती थांबत नसे, इंजिनच फुटत असे. या गरजेतून स्पर्धेच्या दर्जाची गिअरदांडी जन्माला आली. आज त्या काळातील ‘मसल कार’ जतन करणारे जगभरचे हौशी लोक तीच जुनी दांडी शोधून आपल्या गाडीत बसवतात. हे काम कसे चालते आणि त्यात चूक नेमकी कोठे होते, याची ही ओळख.

स्पर्धेच्या पट्ट्यावरून रस्त्यावर

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत बसवलेले मोठे इंजिन. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट मालिकेतील ल मॅन्स गाडीवर ‘जीटीओ’ नावाचा पर्याय देऊ केला. त्यात ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि इतर कंपन्यांनी हीच वाट धरली. शेव्हरलेच्या शेवेल आणि कमारो, प्लिमथची रोड रनर, ओल्ड्समोबिलची ४-४-२ ही त्याच कुळातील नावे.

त्या काळच्या सामान्य अमेरिकन गाडीत तीन गिअर असत आणि त्यांची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असे. जीटीओमध्ये मात्र दांडी जमिनीवर आली आणि ती हर्स्ट या नावाची होती. जॉर्ज हर्स्ट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात बिल कॅम्पबेल यांच्यासह व्यवसाय सुरू केला. जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवण्यासाठी लागणारे माउंट हे त्यांचे आरंभीचे उत्पादन. पुढे गिअरदांडीने त्यांना नाव मिळवून दिले. त्यांची ‘कॉम्पिटिशन प्लस’ ही चार गिअरांची दांडी पाव मैलाच्या सरळ शर्यतींत इतकी रुजली, की मोटार कंपन्यांनीच ती कारखान्यातून बसवून द्यायला सुरुवात केली.

गोव्याचा या गाड्यांशी संबंध थोडा उशिराचा आहे. मुक्तीपूर्व काळात येथे परदेशी मोटारी देशाच्या इतर भागांपेक्षा सहज दिसत. पण मसल कारचा जन्मच मुक्तीनंतरचा, त्यामुळे त्या वाटेने ती येथे आली नाही. आज आपल्याकडे अशी गाडी दिसलीच तर ती संग्राहकाच्या छपराखाली असते आणि तिच्या दुरुस्तीचे ज्ञान मिस्त्रीला पुस्तकातून किंवा गाडीच्या खाली झोपूनच मिळवावे लागते.

दांडी नेमके काय करते

गिअरबॉक्समधील पुढच्या गतीची चाके एकमेकांत सदैव अडकलेलीच असतात. त्यांपैकी कोणते चाक बाहेरच्या शाफ्टला जोडायचे, हे एक सरकती कडी ठरवते. त्या कडीला पकडणारा काटा असतो आणि काट्याला हलवणारा हात पेटीच्या बाहेर येतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील प्रसिद्ध ‘मन्सी’ गिअरबॉक्सच्या डाव्या कुशीवर असे दोन हात असतात. एक पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, दुसरा तिसऱ्या-चौथ्याचा. रिव्हर्सचा तिसरा हात मागच्या भागावर असतो.

दांडीच्या खालच्या टोकाशी एक पोलादी चौकट असते आणि तिच्यात तीन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या असतात. प्रत्येक पट्टीपासून एक रॉड निघतो आणि पेटीवरच्या आपापल्या हाताला जाऊन मिळतो. चालक दांडी डावी-उजवीकडे नेतो तेव्हा तो पट्टी निवडतो. पुढे-मागे करतो तेव्हा ती पट्टी ढकलतो किंवा ओढतो. तिन्ही पट्ट्या मधोमध एका रेषेत असतील, तरच दांडी एकीवरून दुसरीवर सहज सरकते. ही मधली रेषा म्हणजेच न्यूट्रल. एखादी पट्टी रेषेबाहेर केसभर राहिली, तरी दांडी तिच्या कडेला अडते.

मूळ दांडी ढिली का पडते

कारखान्यातून आलेली साधी दांडी सर्वसामान्य ग्राहकासाठी केलेली असते. तिच्यापर्यंत गिअरबॉक्सचा आवाज आणि थरथर पोहोचू नये, म्हणून जोडांमध्ये रबर किंवा नायलॉनचे मऊ बुश घातलेले असतात. काही मॉडेलांत तर दांडीची चौकट गिअरबॉक्सवर न बसवता त्याखालच्या आडव्या तुळईवर बसवलेली असे. इंजिनाला जोर दिला की ते आपल्या रबरी माउंटवर थोडे पिळते, गिअरबॉक्सही त्याच्याबरोबर हलतो; दांडी मात्र तुळईबरोबर जागच्या जागी राहते. नेमक्या त्याच क्षणी चालक गिअर बदलू पाहतो आणि रॉड अडकतात.

झिजेचा हिशेबही सोपा आहे. समजा, दांडीची वरची लांबी खिळीपासून चाळीस सेंटीमीटर आणि खालची पाच सेंटीमीटर आहे. म्हणजे खाली एक मिलिमीटरचा खेळ असेल, तर वर मुठीपाशी तो आठ मिलिमीटर जाणवतो. एका रॉडला दोन टोके, दोन्ही टोकांना बुश. प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज झाली, तरी हात बोटभर रुंदीच्या अंदाजावर गिअर शोधू लागतो.

त्या अंदाजाची किंमत किती, तेही पाहू. एम-२० या मन्सी गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८८ आणि तिसऱ्याचे १.४६ असते. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असताना चौथा घालायला दांडी मागे ओढली आणि ती चुकून दुसऱ्यात गेली, तर क्लच सोडताच चाके इंजिनाला सुमारे ७,१०० फेऱ्यांपर्यंत खेचून नेतात. इतका वेग बहुतेक रस्त्यावरच्या इंजिनांच्या आवाक्याबाहेरचा. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, कनेक्टिंग रॉड तुटू शकतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढूनही तो अपघात टळत नाही, कारण इंजिनाला फिरवणारी शक्ती चाकांकडून आलेली असते.

म्हणून स्पर्धेची दांडी तीन गोष्टी वेगळ्या करते. तिची चौकट जाड पोलादाची असून थेट गिअरबॉक्सच्या शेपटीवर बोल्टने आवळली जाते, म्हणजे इंजिन पिळले तरी दोघे एकत्रच हलतात. आतल्या स्प्रिंगा दांडीला मोकळी सोडताच तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेकडे नेतात, त्यामुळे वर सांगितलेली चूक अवघड होते. आणि तिच्यात दांडीचा प्रवास रोखणारे, मागेपुढे करता येणारे दोन थांबे असतात.

कामाला हात घालण्यापूर्वी

पहिली अडचण खरेदीची. हर्स्टची दांडी सर्व गाड्यांना एकच नसते. चौकट सारखी दिसली, तरी तिला गिअरबॉक्सशी जोडणारी पाटी, रॉडांची वळणे आणि पेटीवरचे हात गाडीनुसार बदलतात. मन्सीचे हात फोर्डच्या ‘टॉपलोडर’वर चालणार नाहीत, क्रायस्लरच्या ए-८३३ वरही नाहीत. मन्सीमध्येही काही पेट्यांवर हात नटाने बसतात तर काहींवर बोल्टने. जुनी दांडी घेताना पाटी, तिन्ही रॉड, हात, बुश आणि क्लिपा असा पूर्ण संच आहे का, हे आधी पाहावे. चौकटीला तडा नसावा, पट्ट्यांची भोके लांबट झालेली नसावीत. बुश, स्प्रिंगा आणि क्लिपा यांचे नवे संच मिळतात. लांबट झालेल्या भोकावर मात्र सोपा इलाज नाही.

दुसरी अडचण हत्यारांची. या गाड्यांचे नट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्यावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच कोपरे गोल करून टाकतो. इंची पान्यांचा संच नसेल तर काम सुरूच करू नये. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीचे नट गंजलेले असणार, हे धरून आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

तिसरी गोष्ट जिवाची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही तिच्याखाली जाऊ नये. सपाट, पक्क्या जमिनीवर भक्कम स्टँडांवर गाडी टेकवावी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पाचर लावावी, बॅटरीची तार सोडवावी. या गाड्या दीड टनाच्या पुढच्या आहेत.

जुनी दांडी काढताना आतल्या बाजूने मूठ आणि रबरी पिशवी, खालच्या बाजूने क्लिपा, रॉड आणि शेवटी चौकट असा क्रम ठेवावा. प्रत्येक रॉड कोणत्या बाजूने, कोणत्या वळणाने बसला होता, याचे छायाचित्र घ्यावे. मग ग्रीज आणि माती पुसून पेटीची कूस स्वच्छ करावी. हातांच्या मुळाशी तेल झिरपत असेल तर सील आत्ताच बदलावे, कारण पुन्हा हे सारे सोडवण्याची इच्छा कोणालाच नसते. तेल घालायचे झाल्यास पितळी सिंक्रो असलेल्या या पेट्यांना जीएल-४ दर्जाचे गिअर तेल मानवते.

न्यूट्रलची पिन

नवी चौकट पाटीसह गिअरबॉक्सच्या शेपटीवर आवळली, नवे हात बसवले, की खरे काम सुरू होते. आधी पेटी न्यूट्रलमध्ये आणायची. पहिल्या-दुसऱ्याच्या हाताला तीन जागा असतात: पुढे, मध्ये, मागे. प्रत्येक जागी तो ‘टक’ असा बसल्याचे बोटांना कळते. मधली जागा न्यूट्रल. तिसऱ्या-चौथ्याचेही तसेच. रिव्हर्सच्या हाताला दोनच जागा. त्यांतली गिअर सुटलेली जागा आपल्याला हवी. तिन्ही हात योग्य जागी असतील, तर मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने मोकळा फिरतो.

आता दांडीची बाजू. चौकटीला आरपार एक भोक असते आणि तिन्ही पट्ट्यांनाही त्याच रेषेत एकेक भोक असते. दांडी मध्यभागी आणून त्यातून पाव इंच जाडीची सरळ पिन घालायची. ती आरपार गेली, की तिन्ही पट्ट्या न्यूट्रलमध्ये कुलूपबंद झाल्या. पिन हरवली असेल तर पाव इंची ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग चालतो.

अशा रीतीने दोन्ही टोके न्यूट्रलमध्ये पक्की झाली. राहिली ती मधल्या रॉडांची लांबी. प्रत्येक रॉडच्या एका टोकाला आटे असलेले बटण असते. ते फिरवून रॉड किंचित लांब किंवा आखूड करता येतो. हे बटण बुशच्या भोकात बोटाने, कसलाही जोर न लावता अलगद बसले पाहिजे. थोडे अंतर राहिले म्हणून हात किंचित ओढून बटण आत दाबणे, ही या कामातली सर्वांत सामान्य चूक. तो ओढलेला अर्धा मिलिमीटर रॉडमध्ये ताण होऊन बसतो, पट्टी कायम रेषेबाहेर राहते आणि मालक ‘दांडी कडक आहे’ अशी तक्रार करत राहतो. बटण एक फेरा फिरवावे, पुन्हा लावून पाहावे. गरज पडली तर दहा वेळा. तिन्ही रॉड असे बसले, की क्लिपा लावाव्यात.

मग पिन ओढून काढावी. दांडी प्रत्येक गिअरमध्ये घालून पुन्हा न्यूट्रलमध्ये आणावी आणि पिन पुन्हा घालून पाहावी. ती पहिल्यासारखीच सहज गेली तर जुळणी बरोबर. अडली, तर जो रॉड तिला अडवतो तो शोधून पुन्हा जुळवावा. येथे हातोडी उचलणाऱ्याने काम दुसऱ्याकडे सोपवावे.

थांबे कशासाठी

जोरात गिअर बदलणाऱ्याचा हात गिअर बसल्यावरही थांबत नाही. तो जास्तीचा जोर रॉडमधून आतल्या काट्यावर जातो आणि काटा वाकतो. हा जोर चौकटीतच अडवण्यासाठी दोन बोल्ट असतात. ते आधी जवळपास पूर्ण सैल करायचे, केवळ काही आटे धरून ठेवतील इतके. दांडी तिसऱ्या गिअरमध्ये घालून घट्ट दाबून धरायची आणि त्या बाजूचा बोल्ट टेकेपर्यंत फिरवायचा. मग दांडी सोडून बोल्ट एक फेरा बाहेर घ्यायचा आणि त्याचा लॉकनट आवळायचा. चौथ्या गिअरसाठी दुसऱ्या बोल्टचे तसेच. बोल्ट फार आत गेला तर गिअर पुरता बसत नाही आणि जोर देताच सुटतो. फार बाहेर राहिला तर असून नसल्यासारखा.

शेवटच्या तपासण्या घाईत राहून जातात. मागे जाताना लागणाऱ्या दिव्याचा स्विच रिव्हर्सच्या हालचालीशी जोडलेला आहे का? १९६९ पासूनच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूप रिव्हर्सच्या हाताशी एका वेगळ्या रॉडने बांधलेले असते; तो रॉड परत लावला का? रॉड एक्झॉस्टच्या नळीला किंवा ब्रेकच्या पाइपाला घासत नाहीत ना? मागची चाके अधांतरी ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर सावकाश घालून पाहावा. दांडी न्यूट्रलमध्ये असूनही चाके जखडलेली वाटली, तर एकाच वेळी दोन गिअर लागले आहेत असे समजावे आणि गाडी रस्त्यावर अजिबात काढू नये.

काय कापू नये

काम नीट झाले, तरी एक प्रश्न उरतो आणि तो आपल्याकडील संग्राहकांसाठी महत्त्वाचा आहे. नव्या दांडीची जागा जुन्या भोकाशी तंतोतंत जुळली नाही, की गाडीच्या फरशीचा पत्रा कापण्याचा मोह होतो. तो टाळावा. बहुतेक वेळा आसनाच्या प्रकाराला साजेशी, वेगळ्या वाकाची वरची दांडी मिळते आणि प्रश्न सुटतो.

याला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याची सोय केली. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत अशी ती व्यवस्था. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही तिची अट. १९६४ ते १९७२ या काळातील मसल कार आता वयाने त्या मर्यादेत येतात. बोल्टने बसणारी आणि बोल्टने निघणारी दांडी गाडीचा इतिहास पुसत नाही. कापलेला पत्रा मात्र पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून काढलेली मूळ दांडी, तिचे रॉड आणि लहानसहान क्लिपाही तेल लावून, चिठ्ठी अडकवून जपून ठेवाव्यात. उद्याच्या मालकाला आजच्या मालकाची निवड मान्य असेलच असे नाही.

जॉर्ज हर्स्ट यांच्या नावावर आणखी एक शोध आहे. चुरगळलेल्या गाडीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी पत्रा फाकवणारे हायड्रॉलिक हत्यार त्यांनी घडवले. ‘जॉज ऑफ लाइफ’ या नावाने ते जगभर ओळखले जाते आणि त्या जातीची हत्यारे आज आपल्या अग्निशमन दलांच्या गाड्यांतही असतात. वेगासाठी साधन देणाऱ्याला वेगाची दुसरी बाजूही ठाऊक होती.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, गाडीखाली जाऊन ती पाव इंची पिन घालून पाहावी. ती सहज गेली तर पाच मिनिटांत काम संपले. अडली, तर बुश झिजू लागले आहेत आणि दांडीने तसे वेळेवर सांगितले आहे.